दोन वर्षांनी या

१२ फेब्रु. २०२४, सोमवार
गाडीतच लिहितेय. अक्षर हलतंय, हलू दे. उभं राहून यावं लागलं असतं तरी आज तक्रार नसती.

फोटो चांगला आला. (मॅमोग्राफी म्हटलं की आमच्या धानोऱ्यात दहा प्रश्न, म्हणून मी आणि हे दोघं 'फोटो'च म्हणतो.) ऑपरेशनला तीन वर्षं झाली, तिन्ही वर्षांचे फोटो स्वच्छ.

मशीन तसंच जीवघेणं. डाव्या बाजूची गाठ काढली, मग पंचवीस दिवस रेडिएशनचा शेक दिला, तेव्हापासून ती बाजू कडक झालीय. तीच दोन पाट्यांमध्ये दाबतात. सुरतच्या दवाखान्यातली मशीनवरची पोरगी म्हणते, "बेन, श्वास रोको." रोकायला कशाला सांगते, आपोआप जातो! आणि त्याहून वाईट म्हणजे नंतरचं बाकावर बसणं. नाव पुकारेपर्यंत भिंतीवरच्या पाट्या वाचायच्या.

मग डॉक्टर. फाइल चाळली. म्हणाले, तीन वर्षं झाली, सगळं ठीक आहे, आणि पहिल्यांदा निघालं तेव्हा तुमची पन्नाशी पूर्ण होती. पन्नाशीनंतरच्या बायकांना तीन वर्षांनी दरवर्षी फोटो लागतोच असं नाही. पन्नाशीच्या आतल्यांना मात्र मी दरवर्षीच बोलावतो. तुम्ही आता दोन वर्षांनी या. मधे काही वेगळं वाटलं तर लगेच या.

आंधळा मागतो एक डोळा...

पण पन्नाशी माझी नव्हती. फाइलवर आधारचं वय, आधारवर शाळेच्या दाखल्याचं. दाखल्यात १ जून १९७०. आक्का सहा वर्षांची झाली तेव्हा एकटी शाळेत जाईना, म्हणून बाबांनी मला चौथ्या वर्षीच तिच्यासोबत पहिलीत बसवलं. गुरुजींनी दोघींना एकच तारीख दिली. कागदावर आम्ही जुळ्या! खरी मी दोन वर्षांनी लहान. आजार निघाला तेव्हा अठ्ठेचाळीस.

जिभेवर आलं होतं. "साहेब, ते वय..." एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. हे बाहेर गोळ्या घेत होते. काय म्हणाले डॉक्टर, विचारलं. म्हटलं, दोन वर्षांनी या म्हणाले. ह्यांनी तिथेच डॉक्टरांच्या बंद दाराला हात जोडले.

नवापूरला चहा घेतला. ह्यांनी दोन घेतले.

१५ फेब्रु. २०२४
अंगणवाडीत आज तमाशा. तमाशा मीच केला.

वरच्या आळीतली एक म्हातारी नातवाला घेऊन आली. सेविकेचं, म्हणजे माझं, रजिस्टर म्हणजे गावाची जन्मतारीख, हे तिला ठाऊक. पोराला यंदाच पहिलीत घालायचंय, म्हणून तारीख मागे ओढून हवी. "लिखी टाक ना बाई एक जून. काय फरक पडस?"

मी सुरूच झाले. फरक पडत कसा नाही? वजनाचा तक्ता वयावर चालतो. वय चुकलं तर पोर अशक्त आहे की ठणठणीत हेच कळत नाही. डोस चुकतो, सगळंच चुकतं. म्हातारी हात जोडून म्हणाली, "व्हयनं व माय, चुकनं मन्हं."

ती गेली. मदतनीस खिचडी ढवळत म्हणाली, बाई, आज लय गरम. मी रजिस्टर मिटलं. कान तापले होते.

१६ फेब्रु. २०२४
सुरतला फोन लावून सांगावं का? एका वाक्याचं काम.
नंतर.

२६ मे २०२४, रविवार
वैशूला बघायला नवापूरचे आले. मुलाची पोल्ट्री, घर चांगलं, माणसं मोकळी. आमची पोरगी एकदा हसली की होकारच असतो, तर ती दोनदा हसली.

ह्यांचं आधीच ठरलेलं, माझा आजार लपवायचा नाही. जेवणं झाल्यावर सांगून टाकलं. मुलाच्या आईनं माझ्याकडे पाहिलं, "आते बरं शे ना?"

मी म्हटलं, "डॉक्टरांनी आता दोन वर्षांनी बोलावलंय. म्हणजे बरंच म्हणायचं." तिचा चेहरा सैल झाला. ह्यांचाही. वैशूनं आतून ऐकलं असणार.

खोटं काहीच बोलले नाही मी. डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते.

१९ डिसें. २०२४, सारंगखेडा
यात्रेसाठी आक्काकडे आलेय. तापीवरचा गार वारा, धूळ, आणि घोडेच घोडे. एक जण घोड्याचा जबडा उघडून दात बघत होता, वय काढायला. आक्का मला कोपरानं ढोसत म्हणाली, "घोडास्नं वय दात दखीसन समजस. आपलं मास्तरनी ठरायं!" दोघी तोंडावर पदर घेऊन हसलो.

हसता हसता विचारलंच तिनं. "फेब्रुवारीमा सुरत जावानं शे ना?"

चोराच्या मनात चांदणं. मी वांग्यांचे भाव काढले. ती सोडते होय! शेवटी सांगितलं, दोन वर्षांनी बोलावलंय, पन्नाशीनंतरच्यांना तसंच असतं.

आक्का म्हणाली, "पन्नासनी तं मी व्हतू. तू कोठे व्हती?"

"कागदावर होते."

"आजारले कागद वाचता येस का?"

मी म्हटलं, दोन महिन्यांवर लग्न आहे, ते होऊ दे, मग सांगते डॉक्टरांना. ती म्हणाली, मीच सांगते पाव्हण्यांना. पाव्हणे म्हणजे आमचे हे. मी तिचा हात धरला. "तुले मन्ही आन शे." आन घातली की आक्का मोडत नाही, चौथ्या वर्षापासून ओळखते मी तिला. मोडावी असं वाटत होतं का मला? थोडं वाटत होतं.

११ फेब्रु. २०२५
रविवारी लग्न. गिरणीत सकाळपासून घरचीच हळद. ह्यांची गिरणी, म्हणून दळणाचा थाट विचारू नका. हे डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. नवरदेव तेच वाटतात.

मधेच म्हणाले, "मांगना वर्षी ह्याच टाइमले आपन सुरतले व्हतूत. आवंदा सुटका शे."

हो, म्हटलं. सुटका.

एका दिवसाचं काम होतं. सकाळी निघालं की संध्याकाळी घरी. लग्नानंतर जाता येईल. मार्चमध्ये जाता येईल.

२ एप्रिल २०२५
मार्च गेला. वैशू दोनदा येऊन गेली. जावई चांगले. मला विहिणीनं पाठवलेली साडी आवडली, नेसले.
सुरतचं काही नाही.

४ ऑग. २०२५
अंघोळीच्या वेळी हातानं बघते. काही लागत नाही. पण आपला हात म्हणजे मशीन नव्हे, हे तिथल्या भिंतीवरही लिहिलेलं आहे.

आज दुपारी फोन लावला होता. पलीकडून बाई "हां, बोला" म्हणाली. मी ठेवला. तिला काय सांगणार होते? की दीड वर्षापूर्वी मी तुमच्या डॉक्टरांपुढे मुकाट बसले? आता सहा महिने तर राहिलेत. एवढे गेले, तेवढे जातील. हा हिशेब कुठल्या शाळेत शिकले कोण जाणे.

९ फेब्रु. २०२६, सोमवार
फोटो झाला. मग पुन्हा केला. त्या पोरीनं बाहेर बस म्हटलं, पाच मिनिटांत पुन्हा आत घेतलं. "बेन, एक बार और." तिसऱ्यांदा फक्त डावी बाजू, मोठी करून. तिसऱ्यांदा दुखलंही नाही.

डॉक्टरांनी काचेवर दाखवलं. जुन्या व्रणाच्या बाजूला पांढरे ठिपके, चिमूटभर मीठ सांडल्यासारखे. दोन वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी लावला. त्यात नाहीत.

सगळेच ठिपके वाईट नसतात म्हणाले. पण सुईनं तुकडा घेऊन तपासायचा. गुरुवारी.

हे म्हणाले, पण हाताला तर काही लागत नाही तिच्या. डॉक्टर म्हणाले, म्हणूनच फोटो काढतो.

मी आजही गप्प. डॉक्टरांचं लक्ष जुन्या फोटोकडे होतं, ह्यांचं डॉक्टरांकडे, माझं जमिनीकडे.

१२ फेब्रु. २०२६, गुरुवार
हे नीट लिहायचंय.

तुकडा घेतला. जागा बधिर करून घेतात, फार दुखलं नाही. नंतर डॉक्टरांनी दोघांना बसवलं. रिपोर्ट आठवड्यानं. मुलगी आहे का, विचारलं. हे म्हणाले, आहे, सत्तावीस पूर्ण. डॉक्टर म्हणाले, पुन्हा तेच निघालं तर आणखी तपासण्या सुचवीन. पण एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. आईला ज्या वयात पहिल्यांदा निघालं, त्याच्या दहा वर्षं आधीपासून मुलीची तपासणी सुरू करायची. तुम्हाला पन्नासाव्या वर्षी निघालं, म्हणजे मुलीची चाळीसपासून.

ह्यांनी खिशातून पेन काढला. पाकिटाच्या पाठीवर लिहिलं, "वैशाली ४०". खाली रेघ मारली. गिरणीच्या पाटीवर मारतात तशी ठसठशीत.

ती रेघ बघितली आणि राहवेना. माझ्या अंगावरचं मी दोन वर्षं ओढलं होतं. हे तर पोरीच्या अंगावर चाललं होतं.

म्हटलं, "चाळीस नाही, अडतीस. मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निघालं. आधारवरचं वय शाळेत वाढवून लिहिलेलं आहे."

डॉक्टरांनी फाइल पाहिली, मग मला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, मागच्या वेळी का नाही सांगितलं? मी तुम्हाला दरवर्षीच बोलावलं असतं.

वरातीमागून घोडं ते हेच. त्यांनी फाइलवरचं वय खोडलं, शेजारी नवं लिहून सही केली. ह्यांनी चाळीस खोडलं आणि अडतीस लिहिलं. खाली पुन्हा तशीच रेघ मारली.

गाडीत बोलले नाहीत. उकाई गेलं, बोलले नाहीत. नवापूरला लोक चढले-उतरले, चहावाला आला, ह्यांनी मान हलवून घालवला. मग म्हणाले, "तुले तवयच माहीत व्हतं?"

"हो."

"आनि मी त्या दारले हात जोडात."

नंदुरबारला ते माझ्याआधी उतरले.

१३ फेब्रु. २०२६
हे सकाळीच गिरणीत. दळण नसताना गिरणी चालू. जेवायला आले नाहीत. डबा पाठवला तो तसाच परत.

आक्काला फोन केला होता, ती दुपारच्या बसनं आली. तिला वाटलं होतं मी रडत असेन. मी अंगणवाडीची नोंद पूर्ण करत बसले होते. तिनंच रडायला सुरुवात केली. "तुन्ही आन मी कसाले मानी? मी बी चूपच ऱ्हायनू ना."

तिची समजूत काढता काढता संध्याकाळ. आन मीच घातली होती म्हटलं. ऐकत नाही. चूक माझी आणि झोप तिची उडालेली. असं यायला नको होतं तिच्या वाट्याला.

१९ फेब्रु. २०२६
तेच निघालं.

लहान आहे म्हणाले. पण त्याच जागी पुन्हा शेक देता येत नाही सहसा, म्हणून या वेळी पूर्ण बाजू काढायची. पुढचं औषध ऑपरेशननंतर ठरेल. ९ मार्चला दाखल व्हायचं, १० ला ऑपरेशन. म्हणजे होळी घरी.

विचारलंच मी. गेल्या वर्षी आले असते तर?

डॉक्टर म्हणाले, खरं सांगू? माहीत नाही. कदाचित दिसलं असतं, कदाचित नसतंही. दिसलं असतं तर आणखी लहान असतं. दोन वर्षांनी येऊनही ज्यांना काही होत नाही अशा खूप बायका आहेत. आणि दरवर्षी येऊनही होतं काहींना.

हो किंवा नाही, काहीतरी एक म्हणायला हवं होतं त्यांनी. "नाही" म्हणाले असते तर सुटले असते. "हो" म्हणाले असते तर निदान एका जागी बसून रडले असते. आता हा प्रश्न माझ्याबरोबरच राहणार.

हे आज बोलले. "चालशी का हळूहळू?" एवढंच. जिना उतरताना हात धरला.

२४ फेब्रु. २०२६
भेटायला माणसं येतायत. केळी, बिस्किटं, सल्ले.

ह्यांनी एक गोष्ट लावून घेतलीय. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "पोरीना लगीनकरता ती सुरतले गयी नही. सोतानं दुखनं दाबी ठेवं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. वाटलं, बाहेर जाऊन सांगावं, असं नाही. पण बायका म्हणायला लागल्या, "माय शेवट माय ऱ्हास." एकीनं तर माझ्या पायांना हात लावला.

आणि मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. राग गिळायला ह्यांना जागा मिळाली, आणि मला लपायला.

वयाचं मी सांगितलं नव्हतं, हेही बरोबर सांगतात सगळ्यांना, पण त्यालाही लग्नाचीच गाठ मारतात.

२८ फेब्रु. २०२६
वैशूचा फोन. ही गोष्ट नवापूरला पोचली. आपल्याकडे गोष्टीला गाडी लागत नाही.

"आई, मन्हाकरता ना? मन्हा लगीनकरता ना?" मी म्हटलं, रडू नको, नंतर बोलू. ती म्हणाली, लग्न वर्षभर पुढे ढकललं असतं तर काय बिघडलं असतं, मी थांबले असते ना.

नंतर बोलू म्हटलं आणि ठेवला. माझं आवडतं वाक्य, नंतर.

५ मार्च २०२६
होळी झाली. पेटवताना हे माझ्या शेजारी उभे राहिले. गावात सगळे मला आधी नारळ वाहू देत होते, एखाद्या पुण्यवान बाईला देतात तसं.

जावयांचा फोन. वैशू धड जेवत नाही. ताटावर बसते आणि उठते. रात्रंदिवस एकच, आईनं माझ्यापायी केलं. शनिवारी तिला आणून सोडतात, ऑपरेशनलाही ती सोबत येईल म्हणाले.

८ मार्च २०२६, रविवार
वैशू काल आली. गळ्याची हाडं दिसतायत. येऊन पायाशी बसली, माझी बॅग भरायला लागली, माझ्याकडे बघवत नव्हतं तिला. काल काही खाल्लं नाही. आज सकाळी चहा, तोही अर्धा.

दुपारी भाकरी टाकत होते. ती शेजारी बसून कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ उगाच चाळत होती. हे दारात वर्तमानपत्र घेऊन. म्हटलं आत्ताच. भाकरी तव्यावर असताना बोलायला सोपं जातं, कुणाकडे बघावं लागत नाही.

म्हटलं, तुझं स्थळ मे महिन्यात आलं. मी फेब्रुवारीतच गप्प बसले होते. तेव्हा तुझ्या लग्नाचा विषयही घरात नव्हता.

तिनं चाळणी खाली ठेवली.

म्हटलं, तुझ्यासाठी काहीच केलं नाही मी. मला ते दाबणं नको होतं, बाकावर बसून नाव पुकारायची वाट बघणं नको होतं. डॉक्टरांनी सुट्टी दिली आणि मी घेतली. त्यांना चुकीचं कळलंय हे माहीत असून घेतली. लग्न नंतर आलं. ते आलं म्हणून मला सबब मिळाली. तुझ्या लग्नानंतर पूर्ण वर्ष होतं माझ्याकडे, तेव्हा कुठलं लग्न होतं? आक्कानं सांगितलं होतं, तिलाही गप्प केलं. तुझे बाबा गावभर जे सांगतायत ते मी सांगू दिलं, कारण ऐकायला गोड लागत होतं.

दारातला कागद वाजायचा थांबला. ऐकलं ह्यांनी.

वैशू उभी राहिली. लहानपणी चिडली की नाकाचा शेंडा लाल व्हायचा, तसा झाला. "मंग मन्हा लगीनना आड कसाले लपनी तू? आठ दिनपाईन मी मरी ऱ्हायनू आठे! वाटे, मीच मारं तुले!"

मी म्हटलं, "हो. चुकलं माझं."

"चुकनं काय! दरसाल एक दिन जावानं व्हतं. एक दिन!"

"हो."

आणखी बरंच बोलली. माझी आईही मला कधी एवढं बोलली नव्हती. मी भाकरी उलटत राहिले. एक करपली. मग तिनं ताट ओढलं, माझ्याकडे पाठ करून बसली आणि टोपलीतली भाकरी घेतली. ठेचा घेतला. दोन भाकरी खाल्ल्या, रागारागानं, पाणीसुद्धा न पिता. आठ दिवसांनी पोटभर जेवली माझी पोर.

हे आत आले, गप्पच तिच्या शेजारी ताट घेऊन बसले. मला कुणी जेव म्हटलं नाही.

बॅग भरून झालीय. फाइल वर ठेवलीय. उद्या सकाळच्या गाडीनं सुरत, तिघं. वैशू येते म्हणाली, पण ह्यांना म्हणाली, मला नाही.